साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याने रात्रीच्या आतषबाजीचे फोटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे ‘साधा कॉम्पॅक्ट’ म्हणजे खिशात मावणारा, लेन्स बदलता न येणारा, चालू केला की छोटी नळी बाहेर काढणारा कॅमेरा. प्रश्न लोक विचारतात त्याच शब्दांत ठेवले आहेत. एकच गोष्ट दहा जणांनी दहा तऱ्हांनी विचारली असेल तर ती एकदाच घेतली आहे. कार्यक्रम आजच असेल आणि हातात पाचच मिनिटं असतील, तर ३, ४ आणि ६ वाचा आणि निघा.

१. माझा कॅमेरा अगदीच साधा आहे. त्याने आतषबाजीचा फोटो येतो तरी का?

येतो, आणि चांगला येतो. रात्री साधा कॅमेरा मार खातो तो अंधारामुळे. प्रकाश कमी पडला की तो आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवतो, आणि त्याच्या नखाएवढ्या सेन्सरवर आयएसओ वाढला की फोटोत रवा सांडल्यासारखे कण दिसतात. आतषबाजीत मात्र जे टिपायचं तेच मुळात प्रखर असतं, त्यामुळे सगळं काम सगळ्यात कमी आयएसओवर होतं आणि कॅमेऱ्याची दुबळी बाजू उघडी पडतच नाही. दोनच गोष्टी लागतात : शटर (प्रकाश आत सोडणारा पडदा) एक ते चार सेकंद उघडं राहायला हवं आणि तेवढा वेळ कॅमेरा हलायला नको. पहिली गोष्ट बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये असते, फक्त मेन्यूत कुठेतरी लपलेली असते. दुसरी तुमच्याकडे.

२. ऑटोवर काढले तर सगळे फोटो पांढरट आणि हललेले. असं का?

कारण ऑटोवर कॅमेरा उजेड मोजतो तो फूल उमलण्याआधी. तेव्हा समोर नुसतं काळं आकाश असतं. कॅमेऱ्याला वाटतं, फारच अंधार आहे. तो आयएसओ चढवतो, लेन्सचं भोक पूर्ण उघडतो आणि जमलं तर फ्लॅशही तयार ठेवतो. एवढी जय्यत तयारी झाल्यावर समोर लखलखीत गोळा फुटतो आणि त्याचा रंग जळून पांढरा होतो. हललेलं येतं ते कॅमेरा हातात असल्यामुळे.

थोडक्यात, कॅमेऱ्याची हुशारी बंद करायची आहे. पुढचे बरेचसे प्रश्न त्याच्याच निरनिराळ्या तऱ्हा आहेत.

३. मग कोणता मोड लावायचा?

आधी सीन मोडमध्ये जाऊन ‘फायरवर्क्स’ शोधा. बहुतेक कंपन्या त्याला फुटलेल्या बाणाचं किंवा फुलाचं चिन्ह देतात. हा मोड शक्यतो चार गोष्टी एकदम करतो : फोकस दूरवर नेऊन ठेवतो, फ्लॅश बंद करतो, आयएसओ खाली आणतो आणि शटर सेकंदांत नेतो, कित्येक कॅमेऱ्यांत २ किंवा ४ सेकंद. तुमच्या कॅमेऱ्यात हा मोड असेल तर नवख्यासाठी याच्याहून सरळ रस्ता नाही.

नसेल तर ‘नाइट लँडस्केप’ किंवा ‘नाइट सीन’ चालतो. त्यात एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) कमी-जास्त करायची सोय असेल तर ते उणे १ वर ठेवा. फक्त ‘हँडहेल्ड नाइट’ नावाचा मोड घेऊ नका, त्याचं कारण १४ मध्ये आहे. काही कॅमेऱ्यांत ‘लाँग शटर’ असा पर्याय मेन्यूत स्वतंत्र असतो. एम (सगळे आकडे हाताने) किंवा एस (शटर हाताने) मोड असेल तर थेट ५ वर जा.

४. फ्लॅश चालू ठेवावा की बंद?

बंद. कॉम्पॅक्टच्या फ्लॅशचा प्रकाश जेमतेम तीन ते पाच मीटर पोचतो आणि फूल शेकडो मीटर दूर असतं. पोचत नाही तर जाऊ दे, असंही नाही. तो समोरचा धूर उजळवतो, पुढच्या माणसांची डोकी उजळवतो, आणि फ्लॅश पेटणार म्हटल्यावर बरेच कॅमेरे शटर सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास नेऊन ठेवतात. मग फुलाच्या रेघा येत नाहीत, ठिपके येतात. माझ्या पहिल्या प्रयत्नाचे बावीस फोटो अजून माझ्याकडे आहेत. बावीसच्या बावीस फोटोंत पुढे बसलेल्या एका गृहस्थांचं टक्कल इतकं सुरेख आलं आहे की त्यांना ते पाठवायला हवे होते.

फोकससाठी पेटणारा छोटा नारिंगी दिवाही मेन्यूतून बंद करा. तो आकाशापर्यंत जात नाही, शेजाऱ्याच्या डोळ्यांत मात्र जातो. फ्लॅशला एकच अपवाद आहे, तो १५ मध्ये.

५. माझ्यात मॅन्युअल मोड आहे. नेमके आकडे सांगा ना.

आयएसओ १०० (किंवा ८०, जो सगळ्यात कमी असेल तो), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा जेवढा मोठा तेवढं भोक लहान) एफ/५.६ ते एफ/८, शटर २ ते ४ सेकंद. सुरुवात इथून करा. पण आकडे पाठ करण्यापेक्षा त्यांच्यामागची गोष्ट एकदा कळली की बरं, कारण ती बाकीच्या फोटोग्राफीपेक्षा उलटी आहे.

एरवी आपण म्हणतो, शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की फोटो उजळ होतो. आतषबाजीत तसं होत नाही. फुलाची प्रत्येक पाकळी म्हणजे एक पळतं निखाऱ्याएवढं टोक. ते सेन्सरच्या एखाद्या ठिपक्यावर असतं ते क्षणभर, मग पुढच्या ठिपक्यावर सरकतं. शटर दोन सेकंद उघडं ठेवा नाहीतर आठ, त्या ठिपक्याला प्रकाश मिळाला तो त्या क्षणापुरताच. म्हणून रेघ किती उजळ दिसणार हे ठरतं अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर. शटरने ठरतं ते एवढंच : रेघ किती लांब, फ्रेममध्ये फुलं किती, आणि स्थिर असलेल्या गोष्टी (आकाश, इमारती, रेंगाळलेला धूर) किती उजळ.

आता चुका दुरुस्त करणं सोपं होतं. पाकळ्या पांढऱ्या पडल्या? शटरला हात लावू नका, एफचा आकडा वाढवा. रेघा बारीक आणि मलूल? आकडा कमी करा किंवा आयएसओ २०० करा. फूल छान पण आकाश दुधाळ? तेव्हा शटर कमी करा.

पुष्कळ कॉम्पॅक्टमध्ये अ‍ॅपर्चरला दोनच पायऱ्या असतात, एक उघडी आणि एक मिटलेली. काहींत तर भोक लहान होतच नाही, आत एक करडी काच सरकते. त्याने काही बिघडत नाही, मिटलेली पायरी घ्या. एफ/८ च्या पुढे एवढ्या छोट्या सेन्सरवर चित्र मऊ पडायला लागतं, म्हणून पुढची पायरी नसली तरी हळहळू नका.

६. ट्रायपॉड नाहीये. काय करू?

टेकवा. कठडा, भिंत, खांबाचं डोकं, पालथी ठेवलेली बादली, काहीही. कॅमेऱ्याखाली वाळू किंवा धान्य भरलेली छोटी कापडी पिशवी ठेवली की त्याला हवा तसा कलता येतो आणि तो घसरत नाही. मी हीच पिशवी वापरतो, ट्रायपॉड असतानाही. पुलाच्या कठड्यावर ठेवत असाल तर गाडी गेली की पूल थरथरतो हे लक्षात ठेवा. मोटारीच्या टपावर ठेवलात तर इंजिन बंद आणि आत कुणी बसलेलं नको.

छोटा ट्रायपॉड घ्यायचाच असेल तर कुठलाही चालेल. कॉम्पॅक्टच्या बुडाशी असलेली पाव इंची स्क्रूची जागा सगळीकडे सारखीच असते. मनगटाची दोरी मात्र काढा किंवा गुंडाळा, कारण ती वाऱ्यावर हलते आणि हलका कॅमेरा तेवढ्यानेही डुलतो. कॅमेरा टेकवला की इमेज स्टॅबिलायझेशन बंद करा. स्थिर कॅमेऱ्यात ते कधी कधी नसलेली हालचाल शोधत बसतं.

७. फोकसच सापडत नाही. चौकट लाल होते आणि फोटो पुसट येतो.

काळ्या आकाशात धरायला काहीच नसतं, म्हणून लेन्स पुढे-मागे करत राहते. फायरवर्क्स मोडमध्ये हा त्रास नसतो. इतर मोडमध्ये फोकसच्या बटणावर फुलाचं चिन्ह आणि डोंगराचं चिन्ह असं काही असेल तर डोंगर निवडा.

डोंगरही नसेल तर एक युक्ती. कॉम्पॅक्टची लेन्स फारच आखूड असते, त्यामुळे झूम पूर्ण मागे (रुंद बाजूला) असताना साधारण दोन मीटरच्या पलीकडे फोकस गेला की थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट असतं. म्हणजे फोकस आकाशावर मिळवायची गरजच नाही. पाच-सहा मीटरवर कुणाला उभं करा, त्याच्या सदऱ्यावर टॉर्च मारा, बटण अर्धं दाबून फोकस घ्या आणि तसंच धरून कॅमेरा वर वळवा. मोठ्या कॅमेऱ्यावर हे चाललं नसतं. झूम पुढे नेला असेल तर इथेही चालत नाही; मग लांबचा रस्त्यावरचा दिवा किंवा इमारतीची खिडकी धरून फोकस घ्या.

८. बटण नेमकं कधी दाबायचं? मी दाबेपर्यंत फूल विझलेलं असतं.

फूल दिसल्यावर दाबलं तर उशीर झालेलाच असतो. कॉम्पॅक्ट बटण पूर्ण दाबल्यावर आधी फोकस जुळवतो, मग शटर उघडतो, आणि यात अर्धा ते एक सेकंद सहज जातो. म्हणून बटण आधीपासून अर्धं दाबून ठेवायचं.

आता डोळे स्क्रीनवर नको, आकाशाकडे. मोठा गोळा नळीतून सुटला की बहुतेक वेळा मागे ठिणग्यांची बारीक शेपटी दिसते. ती आधी सरळ आणि वेगात वर जाते, मग वेग मंदावतो, किंचित वाकते आणि पुसली जाते. त्यानंतर एक रिकामा क्षण असतो. सगळी गर्दी गप्प होते तो हाच, आणि फूल उमलतं ते त्याच्या शेवटी. शटर ४ सेकंदांचं असेल तर शेपटी निम्म्यावर असतानाच दाबा, म्हणजे देठासकट फूल येतं. २ सेकंदांचं असेल तर शेपटी मंदावली की दाबा. दोन-चार फोटो वाया जातील, मग अंगठ्यालाच कळायला लागतं.

काही गोळ्यांना शेपटी नसते. तिथे नळीचा ‘धप्प’ आवाज ऐकून दाबता येतं, पण जवळ असाल तरच. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, त्यामुळे अर्ध्या किलोमीटरवर ‘धप्प’ ऐकू येईतो गोळ्याचा दीड सेकंद उडून गेलेला असतो.

९. बटण दाबताना कॅमेरा हलतो म्हणून सेल्फ टायमर लावला, तर क्षण हुकतो. दोन्ही कसं साधायचं?

२ सेकंदांचा टायमर (१० चा नव्हे) आणि ४ सेकंदांचं शटर अशी जोडी असेल तर शेपटी जमिनीवरून उठतानाच दाबा, बरेचदा जमतं. त्याहून खात्रीचं म्हणजे काळा पुठ्ठा. लेन्ससमोर पुठ्ठा धरायचा, बटण दाबायचं, कॅमेरा शांत झाला की पुठ्ठा बाजूला घ्यायचा. पुठ्ठा लेन्सला लागता कामा नये. शटर जेवढं लांब तेवढी ही युक्ती सोपी, आणि हाच पुठ्ठा १३ मध्येही कामाला येतो.

१०. प्रत्येक फोटोनंतर ‘प्रोसेसिंग’ लिहून येतं आणि कॅमेरा तितकेच सेकंद अडकतो. बिघडलाय का?

नाही. लांब एक्स्पोजरमध्ये सेन्सरवरचे काही ठिपके उगाचच पेटल्यासारखे दिसतात. ते घालवण्यासाठी कॅमेरा शटर मिटून तेवढ्याच वेळाचा आणखी एक काळा फोटो घेतो आणि पहिल्यातून वजा करतो. म्हणून ४ सेकंदांच्या फोटोनंतर ४ सेकंद थांबणं. मेन्यूत ‘नॉइज रिडक्शन’ बंद करायची सोय असेल तर कार्यक्रमापुरती करा, मग १८ मध्ये सांगितलेले ठिपके सोसा. बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांत ते बंद होतच नाही. तिथे शटर २ सेकंदांवर आणलं की थांबणंही निम्मं होतं.

११. उभं कुठे राहायचं, कॅमेरा उभा की आडवा, आणि झूम किती?

तिन्हींची उत्तरं एका आकड्यात अडकलेली आहेत, तो म्हणजे अंतर. गोळा किती उंच जातो त्याचा कारागिरांचा ढोबळ हिशेब असा की गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचाला सुमारे १०० फूट. म्हणजे ६ इंची गोळा ६०० फूट, साधारण १८० मीटर. तुम्ही ३०० मीटरवर असाल तर तो क्षितिजापासून तीसेक अंश वर फुटतो, आणि फुलाचा वरचा काठ चाळीस अंशांच्या आसपास जातो.

बहुतेक कॉम्पॅक्ट झूम पूर्ण मागे असताना लांब बाजूने ६० अंशांहून थोडं अधिक आणि आखूड बाजूने ५० च्या जवळपास बघतात. तेव्हा ३०० मीटरवर जमिनीपासून फुलापर्यंत सगळं हवं असेल तर कॅमेरा उभा धरा. आडवा धरलात तर कसंबसं मावेल, आणि जरा उंच उडालेल्या फुलाचं डोकं कापलं जाईल. एका किलोमीटरवर तेच फूल दहा अंशांवर येतं. तिथे आडवी फ्रेम आणि तीन-चार पट झूम छान दिसतो, खाली पाणी असेल तर प्रतिबिंबही मिळतं.

अंतर माहीत नसेल तर फूल दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे सुमारे एक किलोमीटर.

झूम केल्यावर लेन्सचं भोक लहान होतं. इतर वेळी हा तोटा असतो, इथे नाही, आपल्याला लहानच हवं आहे. तोटा एवढाच की झूमबरोबर हलणंही तितक्या पटीने वाढतं. डिजिटल झूम मात्र बंदच ठेवा. तो नुसता कात्रीचा प्रकार आहे आणि ती घरी निवांत चालवता येते.

पहिल्या दोन-तीन गोळ्यांवर फोटो काढूच नका. ते कुठे फुटतात ते बघा, फ्रेम लावा, मग सुरू करा.

१२. सुरुवातीचे फोटो स्वच्छ, नंतरचे धुरकट. कॅमेऱ्यात काही बदलावं का?

कॅमेऱ्यात फारसं नाही, पायांत. वारा तुमच्या पाठीकडून किंवा बाजूने वाहत असेल अशी जागा धरा. वारा समोरून असेल तर सगळा धूर तुमच्या अंगावर येतो आणि पुढचं प्रत्येक फूल त्या पडद्यामागे फुटतं. वारा पडला असेल तर धूर तिथेच साचतो, म्हणून चांगले फोटो पहिल्या काही मिनिटांतच काढून घ्या. शटर लांब असेल तर धूर जास्त उजळतो (५ पाहा), तेव्हा ते थोडं कमी करायला हरकत नाही. मागच्या फुलाने पुढचा धूर रंगलेला असेल तर मात्र तो टिपा, कधी कधी तोच सगळ्यात देखणा फोटो असतो.

१३. एकाच फोटोत पाच-सहा फुलं दिसतात ती कशी?

दोन रस्ते. पहिला, पुठ्ठ्याचा. कॅमेऱ्यात शटर ८ किंवा १५ सेकंदांपर्यंत जात असेल तर ते लावा, फूल फुटताना पुठ्ठा बाजूला, मधल्या रिकाम्या वेळात पुठ्ठा पुढे. पाच फुलांची लालूच नको, तिसऱ्यानंतर ती एकमेकांवर चढून नुसता गुंता होतो.

दुसरा, घरी बसून करायचा. ट्रायपॉड न हलवता काढलेले वेगवेगळे फोटो संगणकावर एकमेकांवर ठेवायचे आणि वरच्या थराचा मोड ‘लाइटन ओन्ली’ करायचा. गिंपसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हे होतं. दोन्हींतलं जे उजळ तेवढंच उरतं, त्यामुळे काळं आकाश आड येत नाही. हा रस्ता मला जास्त आवडतो, कारण कुठलं फूल घ्यायचं ते नंतर ठरवता येतं.

शटरची मर्यादाच आड येत असेल आणि कॅमेरा कॅननचा असेल, तर त्यांच्या अनेक जुन्या कॉम्पॅक्टसाठी ‘सीएचडीके’ नावाचा अनधिकृत प्रोग्रॅम आहे. तो मेमरी कार्डावरून चालतो आणि लांब शटरची सोय देतो. तो कंपनीचा नाही, तेव्हा जबाबदारी तुमची.

१४. टेकवायला काहीच नाही, गर्दीत हातातच धरायचाय. काहीच होणार नाही का?

होईल, पण वेगळा फोटो होईल. आयएसओ ४०० ते ८००, शटर सेकंदाच्या तिसाव्या ते साठाव्या भागापर्यंत, झूम पूर्ण मागे, कोपरं छातीशी, आणि सलग फोटो काढणारा मोड. लांब रेघा येणार नाहीत, ठिणग्यांचे छोटे तुकडे येतील, फूल जणू थिजल्यासारखं. काहींना तेच आवडतं.

‘हँडहेल्ड नाइट’ आणि एचडीआर हे मोड इथे उपयोगाचे नाहीत. ते भराभर बरेच फोटो घेऊन एकत्र शिवतात, आणि प्रत्येक फोटोत ठिणगी पुढे सरकलेली असल्याने शिवण उसवते. व्हिडिओ घ्या आणि त्यातली फ्रेम काढा, हाही मार्ग आहे. फक्त फुल एचडी व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. स्क्रीनवर पाहायला पुरेसं, भिंतीवर लावायला नाही.

१५. पुढे माणूस आणि मागे आतषबाजी, दोन्ही स्पष्ट कसं येणार?

४ मधला अपवाद तो हाच. ‘नाइट पोर्ट्रेट’ किंवा ‘स्लो सिंक्रो’ मोड लावा. यात फ्लॅश एकदा पेटून चेहरा पकडतो आणि शटर त्यानंतरही उघडं राहून आकाश पकडतं. माणूस दोन-तीन मीटरवर हवा, कॅमेरा टेकवलेला हवा. फ्लॅश पेटला म्हणजे फोटो झाला असं सगळ्यांना वाटतं आणि ते चालू लागतात, मग चेहऱ्यातून फूल आरपार दिसतं. ‘मी सांगेपर्यंत हलायचं नाही’ असं आधी बजावा. फ्लॅश चेहऱ्यावर भगभगीत पडला तर त्यावर पातळ पांढऱ्या कागदाचा तुकडा धरा.

१६. लाल-हिरवा छान येतो, निळा मात्र फिका. व्हाइट बॅलन्स चुकलाय का?

थोडं तुमचं, थोडं रसायनांचं. लाल येतो तो स्ट्राँशियममुळे, हिरवा बेरियममुळे, पिवळा सोडियममुळे, निळा तांब्याच्या संयुगांमुळे. तांब्याचं जे संयुग निळा प्रकाश देतं ते ज्योत फार तापली की टिकत नाही, म्हणून उजळ निळा बनवणं कारागिरांनाही अवघड जातं. मुळात मंद असलेला हा रंग एक्स्पोजर जरा वाढलं की सगळ्यात आधी फिकुटतो. तेव्हा निळ्या फुलांचा मोह असेल तर एफचा आकडा एक पायरी वाढवून बघा.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवरून काढून ‘डेलाइट’वर ठेवा. ऑटोवर तो दर फोटोला मत बदलतो, आणि लाल फूल दिसलं की लाली कमी करायला धावतो.

१७. स्क्रीनवर फुलातून वर-खाली जांभळ्या उभ्या रेघा दिसतात. सेन्सर गेला?

सीसीडी सेन्सरच्या जुन्या कॉम्पॅक्टमध्ये हे नेहमीचं आहे. प्रखर ठिपक्याचा विद्युतभार वाचला जाताना त्या उभ्या ओळीभर सांडतो. स्क्रीनवर आणि व्हिडिओत दिसतो, फोटोत सहसा नाही, कारण फोटो वाचला जाताना यांत्रिक शटर मिटलेलं असतं. एक फोटो काढून मोठा करून बघा आणि निश्चिंत व्हा.

१८. काळ्या आकाशात लाल-निळे टोकदार ठिपके आलेत. तारे नाहीत हे नक्की.

ते सेन्सरचे तापलेले ठिपके. प्रत्येक फोटोत नेमके त्याच जागी असतील तर तेच. १० मधलं नॉइज रिडक्शन यांच्यासाठीच असतं. ठिपके मोठे, गोल आणि धुरकट असून दर फोटोत जागा बदलत असतील, तर तो फ्लॅशने उजळलेला धुरळा किंवा पाऊस, म्हणजे ४ पुन्हा वाचा.

१९. खिडकीच्या काचेआडून काढायचे आहेत.

खोलीतले सगळे दिवे बंद, अगदी चार्जरचाही. लेन्सचं तोंड काचेला जवळजवळ टेकवा आणि भोवती काळं कापड गुंडाळा. तिरकं काढू नका. काच दुहेरी असेल तर फुलाची पुसट जुळी प्रत येते आणि त्यावर उपाय नाही, खिडकी उघडा.

२०. फ्रेम लावून वाट बघत बसलो की कॅमेरा आपोआप बंद होतो, आणि बॅटरीही पटकन उतरते.

‘ऑटो पॉवर ऑफ’ बंद करा किंवा जास्तीत जास्त मिनिटांवर न्या. लेन्सची नळी आत गेली की झूम आणि फोकस दोन्ही नव्याने लावावे लागतात, आणि हे नेहमी सगळ्यात मोठा गोळा उडताना घडतं. बॅटरी वाचवायची तर स्क्रीनचा उजेड कमी करा (अंधारात तो तसाही डोळ्यांना लागतो) आणि प्रत्येक फोटो परत बघत बसू नका. थंडीत लिथियम बॅटरी लवकर दम सोडते, जादाची आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. कार्ड आदल्या दिवशीच रिकामं करा.

२१. फुलबाजीने हवेत नाव लिहिलेला फोटो कसा काढतात?

कॅमेरा टेकवून, शटर ८ सेकंद, आयएसओ कमी, एफ/५.६ ते एफ/८, फ्लॅश बंद. लिहिणारा चारेक मीटरवर आणि मागे काळोख. फोकस त्याच्यावर आधी टॉर्च मारून घ्या. इथे फायरवर्क्स मोड वापरायचा तर झूम पूर्ण मागेच ठेवा, कारण फोकस दूरवर गेलेला असतो.

लिहिणारा कॅमेऱ्याकडे तोंड करून स्वतःला सरळ दिसेल तसं लिहितो, म्हणून फोटोत नाव उलटं येतं. उलटं लिहायचा सराव करू नका, घरी फोटोची डावी-उजवी बाजू आरशासारखी उलटवा की झालं.

देवनागरीची गंमत वेगळीच. फुलबाजी उचलता येत नाही, त्यामुळे दोन अक्षरांमध्ये नको ती रेघ उमटते. म्हणून शिरोरेषेनेच सुरुवात करा आणि चालता चालता प्रत्येक अक्षर खाली सोडून परत रेषेवर या, जोडणारी रेघ शिरोरेषेतच मुरते. ‘राम’ सहज जमतं. ‘गणेश’ला मात्र घाम फुटतो, कारण ग, ण आणि श यांचे तुकडे सुटे असतात. सुटा तुकडा हवा असेल तर क्षणभर फुलबाजी पाठीमागे लपवा. विझल्यावरही तिची तार चांगलीच तापलेली असते, पाण्याची बादली जवळ असू द्या.

२२. आतषबाजीबरोबर लेझर शोही आहे. काही काळजी?

आहे, आणि हे एवढंच गंभीरपणे घ्या. फुलांच्या प्रकाशाने सेन्सरला काही होत नाही, पण लेझरचा किरण थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमचा डाग किंवा रेघ पडू शकते. किरण डोक्यावरून जात असतील तर ठीक. प्रेक्षकांवर फिरवले जात असतील तर तेवढा वेळ लेन्स खाली वळवा. लांब शटर आणि व्हिडिओ दोन्हींत धोका जास्त, सेन्सर सतत उघडा असतो.

२३. सगळं जमलं, पण शेवटच्या मिनिटांचे फोटो पांढरेफटक. दरवेळी.

शेवटी डझनावारी गोळे एकदम सुटतात आणि त्यांत पांढऱ्या लखलखाटाचे, टायटॅनियम किंवा अ‍ॅल्युमिनियमचे, भरपूर असतात. फुलं एकमेकांवर पडतात, तोवरचा साचलेला धूर उजळतो, आणि आधी बरोबर असलेलं एक्स्पोजर दुपटी-चौपटीने जास्त होतं. मॅन्युअल असेल तर शेवट जवळ आला की शटर १ सेकंद किंवा अर्धा, आणि अ‍ॅपर्चर मिटलेलं.

फायरवर्क्स मोडमध्ये मात्र हात बांधलेले असतात, शटर बदलता येत नाही. तिथे मी गॉगल वापरतो. करड्या काचेचा साधा गॉगल लेन्ससमोर धरला की प्रकाश साधारण दोन-तीन पायऱ्यांनी (दर पायरीला निम्मा) उतरतो आणि पाकळ्यांचे रंग परत येतात. तपकिरी काच असेल तर फोटोत पिवळट झाक येते. काच लेन्सला टेकवू नका, आणि दांडी फ्रेममध्ये येत नाही ना ते एकदा बघून घ्या. मध्यरात्री खिशातून गॉगल काढणाऱ्याकडे लोक बघतात, तेवढं चालतं.